निळ्या शाईतली ओळ

१

त्या पत्राचं उत्तर राहून गेलं, असं म्हणता आलं नसतं. राहून जातं ते दुधाचं भांडं झाकायचं, नाहीतर कुणाची छत्री परत करायची. या पत्राला बहुधाकाकांनी अकरा वेळा उत्तर लिहिलं होतं आणि अकराही वेळा फाडलं होतं. शेवटी ते पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात घालून ठेवलं. त्या दिवसापासून त्या खंडातला एक शब्दही पाहायची त्यांची छाती झाली नव्हती.

बहुधाकाका हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. वाचनालयात चाळीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या या माणसाला कुणी काही विचारलं, की उत्तराच्या आधी ‘बहुधा’ यायचंच. पुस्तक आहे का? बहुधा आहे. आज गुरुवार ना? बहुधा. निवृत्त झाल्यावरही ते रोज वाचनालयात येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत आणि फाटक्या पुस्तकांना पाठी चिकटवत. आयुष्यात एकदाच, भरलेल्या दालनात, तीन अनोळखी माणसांसमोर ते ‘नक्की’ म्हणाले होते. त्याच ‘नक्की’बद्दल ते पत्र होतं.

दीड वर्षापूर्वी दुपारी वाचनालयासमोरच्या शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. धूर पहिल्यांदा बहुधाकाकांना दिसला. फोन त्यांनीच केला. बंब आला, पण वरच्या मजल्यावरच्या तिघी वाचल्या नाहीत. चौकशी झाली. ‘फोन केलात तेव्हा घड्याळात किती वाजले होते?’ असं त्यांना विचारण्यात आलं. वाचनालयातला फोन घड्याळाच्या बरोबर खाली आहे. ‘तीन वाजून दहा मिनिटं.’ ‘नक्की?’ ‘नक्की.’

अग्निशमन केंद्राच्या वहीत मात्र वर्दी मिळाल्याची वेळ होती तीन एकोणीस. आगीची खबर आली, की तिला तिथे वर्दी म्हणतात. गावातल्या गावात केलेल्या फोनची नोंद तेव्हा दुसरीकडे कुठेच होत नसे. एका बाजूला चाळीस वर्षं पुस्तकांत गेलेला ग्रंथपाल, दुसऱ्या बाजूला टेलिफोनवर बसणारा साधा जवान. वर्दी घेऊन हा नऊ मिनिटं बसून राहिला आणि मागाहून वेळ बदलून लिहिली, असं ठरलं. टेलिफोनवाला घरी गेला.

दोन आठवड्यांनी त्याच्या बायकोचं पत्र आलं.

‘तुमच्या एका शब्दावर यांची नोकरी गेली. मी भांडायला लिहीत नाही. एकच विचारते, ते तीन दहा नक्की होतं का? अपिलाला नव्वद दिवस आहेत. हे घरात बोलत नाहीत. मधूनच एवढंच म्हणतात, त्यांनी निळं पाहिलंच नाही. मला काही उमगत नाही. तुम्ही वाचणारे आहात. तुम्हाला उमगलं तर कळवा.’

नव्वद दिवस गेले. मग वर्ष गेलं.

आणि एका शनिवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमाराला, अग्निशमन केंद्राच्या टेलिफोनच्या खोलीत, वह्यांच्या रांगेत दात पडल्यासारखी एक फट दिसली. त्या फटीत असायला हवी होती ती वही त्याच आगीच्या सहामाहीची होती. आणि त्या वेळी बहुधाकाका त्या फटीपासून चार हातांवर उभे होते.

२

ते तिथे गेले होते ते वाचनालयाच्या वाचक मंडळाबरोबर. नव्या ग्रंथपालबाईंना दर दोन महिन्यांनी मंडळाला कुठेतरी न्यायची हौस होती. टपाल कार्यालय झालं, पाणीपुरवठा केंद्र झालं, आता अग्निशमन केंद्र.

“काका, तुम्ही यायचंच,” बाई म्हणाल्या होत्या.

“माझी बहुधा तब्येत…”

“तब्येतीला मी विचारलंय. ती येतेय.”

बाई धरून मंडळी पाचच होती. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, खांद्याला कायम पोत्याएवढी पिशवी. हेडमास्तर, ज्यांना कुठेही गेलं तरी तिथली व्यवस्था तपासल्याशिवाय राहवत नसे. आणि शालवाल्या बाई. चारेक महिन्यांपूर्वी त्या मंडळात आल्या होत्या. करड्या शालीत अंग गुरफटून बहुधाकाकांच्या बरोबर समोरच्या खुर्चीवर बसत आणि कधी चकार शब्द काढत नसत.

केंद्राचे अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, जातीने सगळं दाखवत होते. दोन बंब, भिंतीला गुंडाळून ठेवलेले जाड पाइप, पाठोपाठ मांडलेले बूट. बुटांत विजारी आधीच घालून ठेवलेल्या, म्हणजे पाय घातला की विजारीसकट वर.

“वरून खाली यायला हा खांब,” साहेब म्हणाले.

“आणि खालून वर जायला?” हेडमास्तरांनी विचारलं.

“जिना आहे ना, सर. वर जायची घाई कुणाला नसते.”

दहाचा भोंगा झाला. दर शनिवारी सकाळी दहाला केंद्राचा भोंगा वाजवून बघतात. सगळ्या गावाला तो पाठ आहे. तो वाजताच बहुधाकाका सवयीने उठल्यासारखे दोन पावलं पुढे गेले आणि थांबले.

ग्रंथपालबाईंना हसू आलं. “बघा, हात शिवशिवले. अहो साहेब, हे दर शनिवारी तुमच्या भोंग्यावर आमच्या घड्याळाला किल्ली देतात आणि काटे जुळवतात. रोज दीड मिनिट मागे पडतं ते. शनिवारी मूळपदावर.”

“म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला जास्त वाचायला मिळतं,” सिस्टर म्हणाल्या. “शुक्रवारची सूट म्हणतो आम्ही. दुरुस्त नका करू हं.”

सगळे हसले. बहुधाकाकाही हसले, उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

टेलिफोनची खोली वरच्या मजल्यावर होती. टेबल, दोन फोन, भिंतीवर घड्याळ, उघड्या कपाटात वह्यांची रांग. तिथला जवान तरतरीत होता. वर्षभरापूर्वीच त्या खुर्चीवर आला होता.

“ही चालू वही. वर्दी आली की लाल शाईने लिहायची. बाकी सगळं निळ्याने.”

“बाकी म्हणजे काय?” हेडमास्तर.

“कोण ड्यूटीवर आलं, कोण गेलं. नळाला पाणी नाही. वार, तारीख. दुपारी सव्वातीनला मुख्य ठाण्याचा फोन येतो, लाइन चालू आहे का बघायला. तेव्हा घड्याळ जुळवायचं आणि त्यांना सांगायचं, वर्दी निरंक. म्हणजे हातात काही नाही. हे सगळं निळ्यात.”

“आणि चौकशीला काय पाठवता?”

हा प्रश्न शालवाल्या बाईंचा होता. त्यांचा आवाज मंडळातल्या कुणीच आधी ऐकला नव्हता, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं.

“लालची नक्कल,” जवान म्हणाला. “टाइप करून. निळं कोण वाचणार, बाई? ते आमचं घरातलं.”

बहुधाकाकांना पत्रातली ओळ आठवली. त्यांनी निळं पाहिलंच नाही. पण तो विचार पुरता उमटायच्या आत फोन खणखणला. जवानाने लाल पेन उचललं, चार शब्द खरडले, घंटेचं बटण दाबलं. खालून बुटांचा धडधडाट झाला. पत्त्याची चिठ्ठी बंबचालकाच्या हातात द्यायला जवान खांबावरून खाली घसरला आणि मंडळी बंब सुटताना पाहायला कठड्याकडे धावली.

बंब गेला. जवान जिन्याने धापा टाकत वर आला आणि कपाटासमोर थबकला.

“साहेब,” तो म्हणाला, “एक वही नाही.”

३

मंडळींना शेजारच्या, जवानांच्या प्रशिक्षणाच्या वर्गात बसवण्यात आलं. साहेबांनी दाराला बाहेरून कडी घातली नाही, पण दारात उभे राहिले ते कडीसारखेच.

“ती सरकारी नोंद आहे,” ते म्हणाले. “बंब परत येईपर्यंत थांबतो. मग पोलिसांना फोन.” आणि बहुधाकाकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “तुम्ही बोलून बघता का? ही तुमची माणसं. तुमची नजर पक्की आहे. चौकशीत तुमचाच शब्द मानला होता आम्ही.”

बरं वाटावं म्हणूनच ते बोलले होते. बहुधाकाकांना ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

त्यांनी आयुष्यात कुणाची उलटतपासणी घेतली नव्हती. पुस्तक उशिरा आणलेल्या माणसालाही ते स्वतःच आधी ‘क्षमा करा’ म्हणत. ते आधी टेलिफोनवाल्या जवानाकडे गेले.

“वही शेवटची कधी पाहिली होती?”

“तुम्ही सगळे आत आलात तेव्हा होती. मी कपाट दाखवलं ना. मग वर्दी आली, मी खाली गेलो. खोली मिनिटभर रिकामी.”

“त्या वहीत तुमचं काही…?”

जवानाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “त्या वहीमुळे मला ही खुर्ची मिळाली, काका. माझ्या आधीचा गेला म्हणून. ती नाहीशी झाली तर पहिला संशय माझ्यावर. मी कशाला हात लावू? मी तर तिच्याकडे बघतसुद्धा नाही.”

सिस्टरांनी विचारायच्या आधीच पिशवी टेबलावर पालथी केली. लोकर, औषधाच्या बाटल्या, चष्म्याची तीन घरं, अर्धा विणलेला मोजा.

“घ्या. वही एवढी लांबरुंद. माझ्या पिशवीत बसेल, पण मग मोजा कुठे ठेवू?”

“तुम्ही कठड्याशी होतात?”

“सगळ्यांत पुढे. हेडमास्तरांना विचारा, माझं कोपर लागलं त्यांना.”

“लागलं,” हेडमास्तर म्हणाले. “आणि मी सांगतो, दोष त्यांचा आहे. उघडं कपाट! कुलूप नाही, किल्ली नाही, खोलीत माणूस नाही. माझ्या शाळेत खडूसुद्धा कुलपात असायचे.”

“तुमच्या मागे कोण होतं?”

“मागे बघायला मी काय ड्रायव्हर आहे? बंब बघत होतो.”

ग्रंथपालबाई हिरमुसून बसल्या होत्या. सहल त्यांची होती. “काका, मी तर सगळ्यांना मोजत होते. चार डोकी कठड्याशी. मी धरून.”

बहुधाकाकांनी मनात मोजलं. बाई, सिस्टर, हेडमास्तर. आणि ते स्वतः. चार झाली.

शालवाल्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना विचारायचं राहिलं होतं. पण बहुधाकाका तिकडे गेले नाहीत. त्यांची नजर टेबलावरच्या अभिप्रायाच्या वहीवर पडली आणि तिथेच खिळली.

४

आल्याबरोबर प्रत्येकाने त्या वहीत एकेक ओळ लिहिली होती. हेडमास्तरांची लांबलचक, सूचनांसह. सिस्टरांची डॉक्टरांसारखी न लागणारी. शेवटची ओळ होती, ‘पाहायला बोलावलंत, आभारी आहे.’ खाली सही नव्हती.

त्या ओळीतल्या अक्षरांना डोक्यावरची रेघ नव्हती. प्रत्येक अक्षर सुटं, दोरी तुटून जमिनीवर पडलेल्या कपड्यांसारखं.

हे अक्षर बहुधाकाकांनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं. आणि तिथे इतक्या वेळा, की डोळे मिटले तरी ते दिसत असे.

त्यांनी मान वर केली. सकाळभर गरम होत असताना शालवाल्या बाईंनी शाल अंगाला घट्ट लपेटलेली होती. आता ती अंगावर नव्हती. मांडीवर घडी करून ठेवली होती, आणि ती घडी शालीच्या मानाने फार सपाट होती. त्यावर दोन्ही हात. निजलेल्या मुलावर ठेवावेत तसे.

बंब परत यायला फार वेळ लागणार नव्हता. जाऊन साहेबांना सांगणं सोपं होतं. ते न सांगणंही सोपं होतं. न सांगण्यात तर बहुधाकाकांचा हात कुणी धरला नसता. ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. 

“तुम्ही,” ते म्हणाले. “ते पत्र तुमचं होतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. खूप वाट पाहिलेल्या गाडीकडे, ती निघून गेल्यावर पाहावं तसं.

“चार महिने झाले,” त्या म्हणाल्या. “दर बुधवारी तुमच्या समोर बसते. म्हटलं, बघावं तरी कोण माणूस आहे. एका ओळीचं उत्तर देत नाही तो माणूस कसा असतो. तुम्ही मला अकरा पुस्तकं दिलीत. प्रत्येक वेळी म्हणालात, हे बहुधा आवडेल तुम्हाला.”

५

“मी लिहिलं होतं,” बहुधाकाका म्हणाले. “पुष्कळदा लिहिलं. फाडलं.”

“का?”

 मग ते खरं तेच बोलले.

“आयुष्यात कशाचीच खात्री नव्हती मला. ती एक होती. तुम्ही तीच विचारलीत.”

 बाईंनी शालीची घडी उलगडली. आत वही होती, चोरायची अक्कल नसलेल्या माणसाने चोरलेली. पान उघडं होतं. बहुधा त्यांनी ते कठड्याकडे सगळे धावले तेव्हाच काढलं होतं.

“मी चोर नाही. मघाशी तो लाल-निळं म्हणाला आणि मला इतक्या दिवसांनी आमचे हे काय म्हणायचे ते उमगलं. पाय आपोआप कपाटाकडे गेले. पण वाचून मला काय कळणार? तुम्ही वाचा. तुम्ही वाचणारे ना?”

बहुधाकाकांनी चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला.

पानाच्या माथ्यावर निळ्या शाईत तारीख होती, आणि तारखेपुढे वार. खाली निळ्या ओळी एकामागून एक, नेटक्या, एकाच हाताच्या. दोन वाजता अमुक ड्यूटीवर. दोन चाळीसला पाइप वाळत घातले. मग:

‘३.१५. मुख्य ठाण्याचा फोन. घड्याळ जुळवले. वर्दी निरंक.’

तिच्या लगेच खाली, मध्ये केसाचीही जागा न सोडता, लाल:

‘३.१९. वर्दी. शिवणकामाचा कारखाना, वाचनालयासमोर.’

आणि तिच्याखाली पुन्हा निळं. ३.२० बंब बाहेर.

“बघा,” बहुधाकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज अनोळखी झाला होता, कारण त्यात अडखळणं नव्हतं. “सव्वातीनला मुख्य ठाण्याचा माणूस फोनवर होता. घड्याळ तेव्हाच जुळवलेलं, म्हणजे घड्याळ चुकलेलं नाही. तीन दहाला वर्दी येऊन पडली असती, तर सव्वातीनला तुमचे यजमान ‘निरंक’ कसं म्हणाले असते? मुख्य ठाण्याच्या वहीतही हीच ओळ असणार. आणि लाल ओळ मागाहून घुसवलेली नाही. जागाच नाही. वर निळं, खाली निळं. तुमच्या यजमानांनी खोटं लिहिलं नाही.”

“मग खोटं कुणी सांगितलं?”

“कुणीच…” बहुधाकाका म्हणाले आणि थांबले.

त्यांची नजर पुन्हा पानाच्या माथ्यावर गेली होती. तारीख त्यांना पाठ होती. चौकशीत, वर्तमानपत्रात, सगळीकडे तारीखच होती. वार कुणी लिहिला नव्हता. वार फक्त इथे होता, निळ्यात.

शुक्रवार.

६

शनिवारी दहाच्या भोंग्यावर काटे जुळवायचे. रोज दीड मिनिट मागे. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सहा दिवस.

नऊ मिनिटं.

 खाली आवारात कुणीतरी बादली सरकवली, तिचा आवाज फार दुरून आला.

“घड्याळ मीच लावतो,” ते म्हणाले. “त्याची खोड मला ठाऊक आहे. साऱ्या वाचनालयाला ठाऊक आहे, चेष्टा करतात. पण तिथे मला विचारलं, घड्याळात किती वाजले होते. मी घड्याळात वाजले होते ते सांगितलं. किती वाजले होते, ते सांगितलं नाही.” मग थोड्या वेळाने, “ती नऊ मिनिटं माझ्याकडे होती.”

बाई रडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वहीवरची ती लाल ओळ बोटाने पुसल्यासारखी चाचपत राहिल्या.

“एवढंच होतं?” त्या म्हणाल्या. “एवढंसं?”

साहेब दारातून आत आले होते. किती वेळ ऐकत होते, कोण जाणे.  साहेबांनी वही हातात घेतली, पान वाचलं आणि पुन्हा वाचलं.

“हे तुम्हाला माहीत होतं?” बहुधाकाकांनी विचारलं. आपण साहेबांना प्रश्न विचारतो आहोत, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“निळं आहे, हे माहीत होतं,” साहेब म्हणाले. “काय आहे, ते पाहिलं नाही. मागितली होती लालची नक्कल. आम्ही लालची दिली. तो म्हणत होता, सगळी वही बघा. त्याला सांगितलं, विचारलं तेवढंच बोल.” ते खुर्चीत बसले. “तिघी गेल्या होत्या. कुणाला तरी उशीर झालेला असायला हवा होता. बाहेर लोक उभे होते, काका. उशीर कुणालाच झाला नाही आणि तरी त्या मेल्या, असं त्यांना कोण सांगणार?”

“आता सांगा. मी लेखी देतो. आज, आत्ता.”

“अपिलाची मुदत?” साहेबांनी विचारलं.

“गेल्या वर्षीच संपली,” बाई म्हणाल्या. “नव्वद दिवस होते. पत्रात लिहिलं होतं मी.”

साहेबांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. “द्या लेखी. मी वर पाठवतो. पण खोटी आशा नाही लावत. मुदतीनंतर आलेला कागद फाइलला लागतो. फाइल कुणी उघडत नाही.”

खाली बंब परतला. बूट, पाणी, कुणाचं तरी हसणं. म्हणजे तिथे कुणी दगावलं नव्हतं.

“वही जागेवर ठेवा,” साहेब जवानाला म्हणाले. “काही हरवलं नव्हतं.”

जवान चुळबुळला. “लिहून झालंय, साहेब. दहा चौदा, वही जागेवर नाही. निळ्यात. खोडता येत नाही.”

“असू दे मग,” साहेब म्हणाले. “कोण वाचतंय.”

७

फाटकाशी बहुधाकाकांनी शालवाल्या बाईंना गाठलं. इतर मंडळी पुढे गेली होती. 

“मी येतो तुमच्याबरोबर,” ते म्हणाले. “त्यांच्यासमोर उभा राहतो. सांगतो.”

“नको.” बाईंनी शाल पुन्हा अंगावर घेतली. “ते दार उघडत नाहीत कुणाला. आणि तोंडी सांगितलेलं त्यांना पटत नाही आता. मी सांगितलं तर म्हणतील, माझं मन राखायला सांगतेस. त्यांना कागद लागतो. सगळं आयुष्य नोंदी लिहिण्यात गेलं त्यांचं.”

“मग लिहू?”

“मी पत्र टाकलं तेव्हा यांना सांगितलं होतं, की उत्तर येईल. वाचणारा माणूस आहे, देईल. तेव्हापासून रोज टपालाच्या वेळेला दाराशी येऊन उभे राहतात. पोस्टमन पुढे गेला की परत आत. पहिले काही महिने विचारायचे, आलं का? आता विचारत नाहीत. पण उभे राहतात.” त्या चालू लागल्या, मग वळल्या. “मी तुम्हाला माफ केलं, असं समजू नका. मला ते जमणार नाही.”

“नाही,” बहुधाकाका म्हणाले. “बरोबर आहे.”

घरी आल्यावर त्यांनी शब्दकोशाचा तिसरा खंड काढला. पत्र होतं तिथेच होतं, त्याच्या आकाराचा पिवळट ठसा पानावर उमटला होता. पत्ता उतरवून घेतला. पाकिटावर नाव बाईंचं घातलं नाही, त्यांच्या यजमानांचं घातलं.

लिहायला त्यांना दुपार लागली. साहेबांसाठी जबाब आधी लिहिला, दोन पानी: घड्याळ, भोंगा, दीड मिनिट, शुक्रवार. त्याची नक्कल केली. फाइलला लागेल, लागू दे. मग पत्र. आरंभी चार ओळी त्यांनी स्वतःबद्दल लिहिल्या, आपल्याला किती वाईट वाटतं याबद्दल, आणि त्या वाचून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तो कागद फाडायला हात गेला. बाराव्या वेळी.

फाडला नाही. त्या चार ओळी काट मारून तशाच ठेवल्या आणि खाली, निळ्या शाईत, लिहिलं: ‘मी आज तुमची वही पाहिली. निळं पाहिलं. वाचनालयाचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं आणि ते मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही उशीर केला नाही. उशीर मी केला, आधी जबाबात आणि मग या पत्राला.’

मग त्यांनी टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं. उशिरा आलेल्या पुस्तकांच्या नोंदी ते याच पेनाने करत असत. एक ओळ सोडून, जपून, वळणदार अक्षरात लिहिलं:

‘३.१९. वर्दी. नोंद नक्की.’

टपालपेटी वाचनालयाच्या दाराशी होती. समोर जळलेल्या कारखान्याच्या खिडक्यांना अजून फळ्या ठोकलेल्या. बहुधाकाका तिथे थोडा वेळ उभे राहिले. त्या तिघींसाठी नऊ मिनिटं कधी नव्हतीच. टेलिफोनवाल्याने घालवली म्हणून दीड वर्ष ते ज्या मिनिटांवर राग धरून बसले होते, ती कुठेही नव्हती. आता रागही धरता येणार नव्हता.

आत ग्रंथपालबाई स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली देत होत्या. त्यांना काचेतून बहुधाकाका दिसले. त्यांनी काटे हातात धरून खुणेनेच विचारलं, किती वाजले?

बहुधाकाकांनी मान हलवली. माहीत नाही. मग ते पेटीकडे वळले.

पाकीट फटीत अर्धं गेलं आणि अडकलं. जबाबाच्या नकलेमुळे ते जाड झालं होतं. त्यांनी ते तसंच धरून ठेवलं, नेहमीसारखं. अजून मागे ओढता आलं असतं. मग दोन्ही अंगठे लावून ते आत ढकललं. पेटी रिकामी असावी. तळाशी पडल्याचा आवाज आला.

पुढचं टपाल उचलायची वेळ पेटीवर लिहिली होती. ती त्यांनी दोनदा वाचली आणि तिथेच, पेटीला पाठ लावून, पोस्टमनची वाट बघत उभे राहिले.